माणशी अर्धा चौरस मीटर

आर्किटेक्चरच्या अभ्यासक्रमात आमच्या वेळी प्रकाश आणि ध्वनी यांचा संसार एकाच पेपरात मांडलेला होता. स्वभाव पाहिले तर हे स्थळ जमण्यासारखं नव्हतं. प्रकाश सरळमार्गी, दार लोटलं की बिचारा बाहेर थांबतो. ध्वनी कोपऱ्यावरून वळतो, फटीतून शिरतो आणि शेजारच्यांचं भांडण आपल्या ताटात आणून वाढतो. पण परीक्षेत दोघांनाही मोजायचं असे, आणि मोजायला निघालं की दोघंही सारखेच लाजाळू.

प्रकाश मोजायला लक्समीटर असे. तळहातात मावणारं यंत्र, त्याला गुंडाळीची वायर आणि वायरीच्या टोकाला एक पांढरा अर्धगोल. तो टेबलाच्या उंचीवर धरायचा, आकडा वाचायचा आणि वहीत टिपायचा. यात अडचण एकच, वाचायला वाकलेल्या माणसाची सावली आकड्यात पडते. म्हणून हात लांब करून, मान वाकडी करून, आपण तिथे नाहीच असं दाखवत उजेड मोजावा लागे. एखाद्या दुपारी सगळा वर्गच्या वर्ग असा स्वतःला वगळण्याच्या खटपटीत दिसे, आणि ड्रॉइंग हॉलला अकस्मात मूकनाट्याची कळा येई.

त्या हॉलच्या खिडक्या अर्थातच उत्तरेला होत्या. उत्तरेचा उजेड शांत, एकसारखा, उन्हाचा वारा न लागलेला, अशी ग्वाही पुस्तकं देतात. पुस्तकं मूळची थंड मुलखातली. पुण्याचा अक्षांश साडेअठरा. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत भरदुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून पलीकडे, उत्तरेला सरकलेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळी तर तो त्याआधीपासूनच त्या सोवळ्या खिडकीतून तिरका डोकावू लागतो. ऐन सबमिशनच्या दिवसांत शीटवर त्याची तिरीप येऊन पडे. पुस्तकावर विसंबून पडदे कोणी लावलेलेच नव्हते.

भरदुपारचं ऊन लाखभर लक्स, आणि पौर्णिमेचं चांदणं फार तर पाव लक्स. डोळा दोन्हींत वाट काढतो आणि तक्रार करत नाही. हे आकडे पाठ करताना मला आत्याचं कोकणातलं कौलारू घर आठवे. तिथल्या माजघरात लक्समीटर नेला असता तर तो बिघडला आहे असंच वाटलं असतं. कौलांच्या एका फटीतून मात्र जमिनीवर कवडसा उतरे. फट वेडीवाकडी, पण कवडसा चांगला गोल. कारण तो फटीचा आकार नसतो, ती सूर्याचीच प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात म्हणूनच त्याची कोर होते. जात्याजवळून निघालेला तो गोल उंबऱ्याला टेकला की आत्या भाताचं आधण ठेवी. सुट्टीत गेल्यावर मी तिला हे प्रतिमेचं शास्त्र उत्साहाने समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल बापडा. पण त्याला म्हणावं, जरा चुलीपाशी पड. तिथं तांदळातले खडे दिसत नाहीत."

ध्वनीच्या प्रकरणात आमचं दैवत होतं वॉलेस सॅबिन. 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह सुरू झालं, आणि बोललेला शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळतो असं आढळलं. पहिला शब्द जाण्याआधी पुढचं वाक्य येऊन थडके आणि विद्वत्तेचा गलका होई. हे निस्तरायला सत्ताविशीतल्या या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला सांगण्यात आलं. रस्ते निजले की हे गृहस्थ मदतनिसांना घेऊन जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणत, ऑर्गनची एक नळी वाजवत, नाद विरेपर्यंत कान देऊन वेळ मोजत आणि उजाडायच्या आत गाद्या जागच्या जागी नेऊन ठेवत. गादीच्या चोरीतून एवढं मोठं शास्त्र क्वचितच निघालं असेल. पुढे आपले कपडेसुद्धा नाद शोषतात हे ध्यानात आलं, तेव्हा मोजणीसाठी त्यांनी एकच पोशाख ठरवून टाकला.

शोषण मोजायला त्यांनी माप घेतलं ते उघड्या खिडकीचं. खिडकीतून गेलेला नाद परत येत नाही, म्हणून ती पूर्ण शोषक. कल्पना देखणी आहे. आमच्या पेठेतली खिडकी मात्र उघडली की गेलेला नाद राहतो बाजूला, भंगारवाला, कुकरची शिट्टी आणि भाद्रपदाच्या महिनाभर आधीपासून ढोल-ताशांची तालीम आत येते. विजापूरच्या गोल घुमटाचंही तसंच. 1656 मध्ये बांधून झालेल्या त्या घुमटाखालच्या सज्जात केलेली कुजबुज सुमारे अडतीस मीटर पलीकडे ऐकू जाते. तिथे कुजबुजणारा माणूस मी पाहिलेला नाही. जो तो हूऽऽ करून ओरडतो, आणि घुमट सगळ्यांना निमूटपणे उत्तर देत बसतो.

पण माझं मन अडकलं ते पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात. प्लास्टर, लाकडी जमीन, गालिचा, जाड पडदा, आणि मग त्याच टायपात, त्याच गांभीर्याने: श्रोता. माणशी साधारण अर्धा चौरस मीटर शोषण. प्रेक्षागृहाच्या हिशेबात माणूस हे बांधकामाचं साहित्य आहे, आणि सिमेंटपेक्षा कितीतरी गुणी. रिकामं सभागृह म्हणूनच घुमतं. चांगल्या नाट्यगृहात गादीच्या खुर्च्या अशा निवडतात, की प्रत्येक खुर्चीनं न आलेल्या रसिकाइतकाच आवाज शोषावा. तालमीला समोर कोणी नसलं तरी गाणाऱ्याला घर भरल्यासारखं वाटावं, ही त्यातली माया.

खुर्ची तेवढं करते. पण ती चुकल्या जागी हसत नाही, आणि समेवर तिची मान हलत नाही. तेव्हा रसिकहो, नाटकाला जा. सुती, रेशमी, लोकरीचं, काय हवं ते नेसून जा, त्याचाही उपयोग होतो. मोबाइल तेवढा बंद ठेवा. तो काहीच शोषत नाही.