नवनियुक्त कर्नेलसाहेबांस अनावृत पत्र

प्रति,
मा. लिनक्स कर्नेलसाहेब (नवनियुक्त),
बूट विभाग, वाचनालयाचा संगणक कक्ष.

विषय : आपण पदभार स्वीकारल्यापासून पडद्यावर अंधार असल्याबाबत.
संदर्भ : सोमवारी रात्रीचे स्वयंचलित अपडेट (कोणीही न पाहिलेले).

महोदय,

स. न. वि. वि.

आपण रुजू झालात हे आम्हांस कोणी कळवलंच नाही. आपल्या खात्याची ही जुनी रीत. बदलीचा आदेश निघतो सोमवारी, पण नवे साहेब खुर्चीत बसतात ते संगणक पुढच्या वेळी बंद होऊन सुरू होईल तेव्हा. तोवर जुने साहेब निमूट कारभार पाहत असतात. आमच्याकडे संगणक बंद करण्याची पद्धत नाही, तो वीज गेली की आपसूक बंद होतो. गुरुवारी दुपारी वीज गेली, तासाभराने आली, बटण दाबलं आणि पडदा काळा ठिक्कर. ग्रंथपालबाईंनी वीजवाल्यांचा उद्धार केला. शिपाईमामांनी यूपीएसला दोन चापट्या मारल्या. अध्यक्षांनी तर ही जुनी यंत्रं दान देणाऱ्या गृहस्थांच्या हेतूवरच शंका घेतली. आपलं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. सोमवारच्या हुकमाचा अंमल गुरुवारी होतो, हे ओळखायला हयात सरकारी नोकरीत गेलेली असावी लागते.

अर्थात आपण अगदीच मुके नव्हतात. कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा उघडझाप करत होता. जाणकारांना माहीत आहे, तो असा लुकलुकला म्हणजे आपल्याला ‘पॅनिक’ झालेलं असतं. पुढे काय करावं ते न सुचून आपण जागच्या जागी थिजता आणि ओरडायला तेवढा एक दिवा हाताशी उरतो. बाई म्हणाल्या, “दिवा लागतोय म्हणजे चालूच आहे की हो.” त्यांना काय सांगणार? आपल्या खात्याने यात सुधारणा केल्याचं वाचलं. कर्नेलच्या ६.१० आवृत्तीपासून पॅनिकसाठी वेगळा पडदा आला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ पासून त्यावर क्यूआर कोडही दाखवता येतो. भाजीवाले आणि रिक्षावाले झाले, आता शेवटची घटका मोजणारा संगणकही क्यूआर पुढे करणार. आमच्या यंत्रापर्यंत ही सोय पोचायची आहे.

दुरुस्तीवाला बोलावला गेला. त्याने कॅबिनेट उघडलं, धूळ फुंकली, रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने घासले आणि पुन्हा बसवली. ही विद्या आपण हसण्यावारी नेऊ नये. गंजलेल्या दातांवर ती खरंच लागू पडते. या वेळी पडली नाही. मग त्याने मान हलवून “हार्ड डिस्क गेली” असं जाहीर केलं आणि नवीचा भावही सांगितला. महोदय, आपल्या प्रत्येक बदलीनंतर गावोगावच्या किती धडधाकट डिस्क अशा ‘जातात’, याचा हिशेब आपल्या खात्याने ठेवावा, असं वाटतं.

वास्तविक पाहता आपण एक गोष्ट भली करता. आधीच्या साहेबांना हाकलून देत नाही, विश्रामगृहात ठेवता. त्यांना परत बोलावलं की प्रश्नाचा निम्मा निकाल लागतो. जुन्या कर्नेलवर संगणक सुरळीत चालू झाला तर डिस्क, रॅम, केबल सगळे निर्दोष सुटले आणि आरोपीच्या पिंजऱ्यात आपण एकटे उरलात. जुन्यावरही चालला नाही, तरच खोडरबर काढायचा, रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर लावायचा, सॅटाची केबल दाबून पाहायची. एक नजर मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीवरही टाकायची. ती मेली असेल तर वीज जाताच बायोसमधल्या मांडणीवर पाणी पडतं, डिस्क कोणत्या पद्धतीने जोडली आहे हेच यंत्र विसरतं, आणि मग आपल्यावर विनाकारण आळ येतो. न्याय तो न्याय.

पण त्या विश्रामगृहाचं दार आपण किती लपवून ठेवलं आहे! संगणक सुरू होताना कोणता कर्नेल बसवायचा ते विचारणारी ग्रबची यादी उबुंटूसारख्या व्यवस्थांत सहसा दिसतच नाही. जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरायची, नव्या यूईएफआयवर एस्केप दाबायची, आणि तीही नेमक्या त्या क्षणाला. जरा आधी दाबली तर बायोस उघडतं. घाईने दोनदा दाबली तर यादी मागे पडते आणि समोर येतो ग्रबचा रिकामा, टकमक बघणारा प्रॉम्प्ट. (तिथे ‘नॉर्मल’ असं टंकून एंटर मारला की परतीची वाट मिळते. हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नाही.) दार सापडलं की ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये सगळे माजी साहेब ओळीने बसलेले दिसतात. आम्ही त्यातल्या पहिल्या माजी साहेबांना उठवलं. मिनिटभरात वाचनालयाची खतावणी समोर हजर! दुरुस्तीवाल्याने नव्या डिस्कचं खोकं मुकाट्याने पिशवीत परत ठेवलं.

मग आपली चौकशी लावली. यादीत आपल्या नावावर उभं राहून ‘ई’ दाबलं, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द तेवढ्यापुरते पुसले आणि एफ १० दाबली. हे शब्द आहेत तोवर आपण देखणं चित्र दाखवत गप्प राहता. ते गेले की भडाभडा बोलता. आपलं शेवटचं वाक्य असं : रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही, अननोन ब्लॉक शून्य-शून्य. म्हणजे साहेब कचेरीच्या दारात उभे, पण किल्ल्यांचा जुडगा आणलेला नाही. डिस्क उघडायला लागणारे ड्रायव्हर ज्या लहानशा गाठोड्यात बांधून आपल्यासोबत पाठवतात, ते इनिटरॅमएफएस नावाचं गाठोडं आलंच नव्हतं. आणि का आलं नव्हतं? कारण ‘बूट’च्या चिमुकल्या वेगळ्या विभाजनात माजी साहेबांची एवढी गर्दी झाली होती की गाठोडं बांधायला जागाच उरली नाही. तशी रीतसर नोंदही झाली होती : जागा शिल्लक नाही. सोमवारी रात्री, सगळे झोपलेले असताना, कोणी उघडत नाही अशा वहीत.

अशा वेळी लोक फायली हाताने पुसतात आणि अंगाशी आणतात. पॅकेज व्यवस्थेकडूनच निवृत्ती द्यायची असते. ‘ऑटोरिमूव्ह’ म्हटलं की ती चालू कर्नेल आणि अगदी अलीकडची सोडून बाकीच्यांना नारळ देते. यात मेख एवढीच की जे ‘चालू’ असेल ते वाचतं. म्हणून झाडलोट करायची ती विश्वासातल्या जुन्या साहेबांना खुर्चीत बसवूनच. जागा झाली की गाठोडं पुन्हा बांधायचं, ग्रबची यादी ताजी करायची. एवढ्यासाठी हार्ड डिस्कचा भाव ऐकावा लागला.

आता तक्रारीच्या मूळ मुद्द्यावर येतो. आपले जन्मदाते लिनस टोरवाल्ड्स यांचा एक दंडक जगजाहीर आहे : कर्नेलच्या बदलामुळे लोकांचे चालते प्रोग्रॅम मोडता कामा नयेत. त्यासाठी ते लोकांना भर चव्हाट्यावर झापतात. उत्तम. पण हे अभय प्रोग्रॅमांना. कचेरीच्या आतली मांडणी आपण वाटेल तेव्हा फिरवणार, आणि ज्या ड्रायव्हरांचं नाव आपल्या मूळ हजेरीपटावर नाही त्यांनी स्वतःची सोय बघावी, हेही धोरणच आहे. आपल्याच खात्यातले ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तसा दस्तऐवज लिहून ठेवला आहे आणि आतल्या मांडणीला कायम ठेवण्याच्या मागणीला त्याच्या नावातच ‘नॉन्सेन्स’ म्हटलं आहे. त्यांचं म्हणणं खोटं नाही. मांडणी गोठवली तर जुन्या चुकाही गोठतील, आणि ड्रायव्हर हजेरीपटावर आला तर बदल करणाराच त्याचीही डागडुजी करतो. पण वायफायचं कार्ड निवडताना त्याचा ड्रायव्हर हजेरीपटावरचा की कंत्राटी, हे दुकानात विचारतो कोण? खोक्यावर तर तसं काही छापलेलं नसतं.

या कंत्राटी मंडळींसाठी डीकेएमएस नावाची तरतूद आहे. नवे साहेब आले की ती त्यांच्या मापाने ड्रायव्हर नव्याने शिवून देते, पण त्यासाठी नव्या कर्नेलच्या ‘हेडर्स’ फायली हव्यात. त्या नसल्या की शिलाई राहते आणि तेही कोणी सांगत नाही. ग्राफिक्स कार्डाचं असं झालं तर पडदा काळा. मग ग्रबमध्ये ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या त्याच ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहून कसंबसं आत शिरायचं. वायफायचं झालं तर त्याहून बहार : वायफाय चालायला ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटला वायफाय. यातून आम्हांला शिपाईमामांच्या मोबाइलने सोडवलं. फोन यूएसबीच्या तारेने जोडून टेदरिंग चालू केलं की आपण त्याला विनातक्रार नेटवर्क कार्ड मानता. ज्या कार्डाने वर्षानुवर्षं इमाने सेवा केली त्याला ओळख नाही, आणि मामांच्या फोनला मात्र पायघड्या!

सही-शिक्क्याचं प्रकरण वेगळंच. देणगीतल्या एका नव्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू आहे. तिथे कंत्राटी ड्रायव्हरला आमच्या सहीची किल्ली लागते आणि ती मंजूर करायला रीस्टार्टच्या वेळी एक निळा पडदा येतो. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर तो निघून जातो, आपणहून पुन्हा येत नाही, आणि ड्रायव्हर बिनसहीचा म्हणून दाराबाहेर. या शिक्क्यांच्या भानगडीत शेजारच्या खात्याचंही बोट असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने, विंडोज आणि लिनक्स एकत्र नांदणाऱ्या कित्येक यंत्रांवरचे लिनक्सचे जुने शिक्के रद्द ठरवले. लोकांना दिसलं एवढंच : काहीतरी गंभीर बिघडलं आहे. त्या दिवशी आपण बिचारे निरपराध होतात, हेही नमूद करतो.

आपल्या घराण्याचा गोपनीय अहवालही चाळला. २००८ ची नोंद लाल शाईतली आहे. २.६.२७ चे उमेदवार परिविक्षाधीन असताना इंटेलची ‘ई-वन-थाउजंड-ई’ ड्रायव्हरवर चालणारी नेटवर्क कार्डं मरू लागली. कार्डाच्या पोटातल्या कायमच्या स्मृतीत कचरा लिहिला जात होता. संशय साहजिकच कार्डाच्या ड्रायव्हरवर. निघालं भलतंच. एफट्रेस नावाची, कुठलं फंक्शन कधी चाललं याची हजेरी घेणारी यंत्रणा, काम संपवून जागा सोडून गेलेल्या कोडच्या जुन्या पत्त्यावरही लिहायला जात होती, आणि त्या पत्त्यावर दरम्यान कार्डाची स्मृती राहायला आली होती. हजेरी घेणाऱ्यानेच घर फोडलं म्हणायचं! २०२१ मध्ये ५.१२ चा पहिला उमेदवार स्वॅप फाइलचा मजकूर डिस्कवर नको तिथे लिहू लागला, तेव्हा टोरवाल्ड्सनी त्याच्या नावालाच ‘डोन्टयूज’ असं शेपूट जोडलं. २०२२ मध्ये ५.१९.१२ ने काही इंटेल लॅपटॉपांचे पडदे पांढरे फटफट लुकलुकवले, लगोलग ५.१९.१३ काढावं लागलं. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ मुळे एक्स्ट ४ फाइल सिस्टिमवरच्या माहितीला धोका दिसला, तेव्हा डेबियन या लिनक्स व्यवस्थेने आपलं १२.३ गिळलं आणि थेट १२.४ दिलं.

आणि ज्या ३८६ प्रोसेसरच्या संगणकावर १९९१ साली हेलसिंकीत आपला जन्म झाला, त्या ३८६ ला आपण २०१३ च्या ३.८ मध्ये कायमचं घरी बसवलंत. जन्मस्थानाची ही कथा, तर आमच्या देणगीतल्या यंत्रांनी किती आशा धरावी?

यावर आपल्या खात्याचं उत्तर ठरलेलं : बिघाड खरोखर आमचा असेल तर ‘बायसेक्ट’ करून दाखवा, दखल घेऊ. दखल घेतात, हे खरं आहे. पूर्वी चालणारं आता चालत नाही म्हटलं की तिथे खुर्च्या हलतात. दोन आवृत्त्यांमध्ये बारा-चौदा हजार बदल असतात. दर खेपेला मधोमध तोडून कर्नेल बांधायचं, चालवून पाहायचं, अर्धे बाद करायचे. चौदाएक खेपांत गुन्हेगार बदल हाती लागतो. गणित देखणं आहे. फक्त आमच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरवर एक कर्नेल बांधायला एक कामाचा दिवस लागेल आणि तेवढ्यात आपली दर नऊ-दहा आठवड्यांनी होणारी पुढची बदली येऊन ठेपेल.

सबब, पुढील आदेशापर्यंत कारभार माजी साहेबांकडेच ठेवण्यात येत असून त्यांच्या पॅकेजवर ‘होल्ड’चा शिक्का मारला आहे. सुरक्षेचे नवे उपाय त्यांच्याकडे नाहीत याची जाणीव आहे. म्हणून ही मुदत बेमुदत नाही. बूटच्या विभाजनात आता जागा आहे, ग्रबची यादी दहा सेकंद दिसेल अशी केली आहे. आपण पुन्हा यावं, फक्त येताना गाठोडं आणावं, आणि भरदिवसा यावं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
वाचनालयाचे संगणक बघणारा (विनावेतन)

प्रत माहितीस्तव :
१) मा. माजी कर्नेलसाहेब, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. आपली निवृत्ती लांबली आहे, क्षमस्व.
२) ग्रंथपालबाई. दिवा लुकलुकला तर मला फोन करावा, वीजवाल्यांना नको.
३) दुरुस्तीवाले. खोडरबर आमच्या टेबलावर राहिला आहे, घेऊन जावा.