बुलढाण्याला समुद्र नाही

समुद्राकाठी राहणाऱ्या माणसाला मित्र कधी कमी पडत नाहीत. आम्ही अलिबागला राहतो. डिसेंबर लागला की ज्यांनी आपल्या लग्नालाही आम्हाला बोलावलं नव्हतं, त्यांचे फोन सुरू होतात. ‘सहज आठवण आली,’ म्हणतात. ही सहज येणारी आठवण नेमकी शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की येते. मग आम्ही ओहोटीची वेळ बघून ठेवतो, पाहुण्यांना कुलाबा किल्ल्यात नेऊन भरतीच्या आत परत आणतो, सुरमई तळतो आणि ते गेले की मोरीतली वाळू उपसतो. अशीच एकदा वाळू उपसता उपसता आमची ही म्हणाली, “आपण का कुणाकडे जात नाही?”

प्रश्न रास्त होता. जागा निवडताना तिची अट एकच होती: तिथं समुद्र नको. महाराष्ट्राचा नकाशा पुढे घेतला आणि बोट बुलढाण्यावर ठेवलं. समुद्रापासून रस्त्यानं चारशे किलोमीटरहून लांब, आणि तिथं माझा कॉलेजातला मित्र राहतो. त्याला फोन करून बजावलं, “आराम करायला येतोय. काही दाखवायचं नाही, कुठं न्यायचं नाही.”

“ये ना,” तो म्हणाला, “आमच्याकडं आरामच आराम.”

बुलढाणा हे तेरा तालुक्यांच्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. पण तिथं रेल्वे जात नाही. रेल्वे खालून मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी सपाटीवरून निघून जाते. पहाटे मलकापूरला उतरलो तर फलाटावर मित्र, त्याचे वडील आणि एक अनोळखी गृहस्थ उभे. हे कोण, तर शेजारी. शेजारी कशाला आले, तर गाडी त्यांची. “गाडी त्याची अन् तो घरी झोपन का?” काका म्हणाले. या प्रश्नाला अलिबागेत उत्तर असतं, बुलढाण्यात नसतं.

वाटेत मी रेल्वेचा विषय काढला. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. “माह्या आजाले वाटे, येते आता,” काका शांतपणे म्हणाले. “मग बापाले वाटे. आता मले वाटते.” तीन पिढ्या गाडीची वाट पाहूनही ज्यांचा आवाज चढत नाही, त्यांच्या घरी आराम मिळणार याची मला खात्रीच पटली.

मोताळा मागे टाकून गाडी राजूर घाट चढायला लागली आणि थंडी झोंबायला लागली. विदर्भ म्हणजे ऊन, एवढंच आम्हाला ठाऊक. हे गाव डोंगरमाथ्यावर आहे आणि जानेवारीत तिथं दात वाजतात, हे भूगोलाच्या पुस्तकात असलं तरी आमच्या बॅगेत नव्हतं. घरी पोचताच काकूंनी आम्हा दोघांना घोंगड्यांत गुंडाळून पलंगावर बसवलं आणि काकांनी विचारलं, “मंग, परत कधी?”

हा प्रश्न आम्हीही पाहुण्यांना दारातच विचारतो. उत्तरावरून मासे किती आणायचे ते ठरतं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, “रविवारी.”

“रविवारी कसं जमन?”

“तिकीट काढलंय.”

“तिकीट काय, रद्द होते.”

तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न आम्ही पाहुण्याला मोकळं करायला विचारतो आणि हे लोक त्याची वाट अडवायला विचारतात.

आराम लगेच सुरू झाला. आधी पोहे आले. पोह्यांनंतर चहा, चहासोबत नुसता कसा म्हणून पापड्या, आणि जेवणाला अजून वेळ आहे म्हणून उकडलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली. जेवायला वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, सोल्यांची भाजी आणि मिरचीचा ठेचा. तुरीच्या ओल्या दाण्यांना इथं सोले म्हणतात आणि थंडीत ते भातापासून आमटीपर्यंत कशातही सापडतात. ‘नको’ म्हणायची सोय नाही असं नाही. पहिला ‘नको’ रीत म्हणून सोडून देतात, दुसरा संकोच म्हणून. तिसऱ्या ‘नको’पर्यंत भाकरी ताटात पडलेली असते आणि काकू म्हणतात, “एवढ्यानं काय होते?” एवढ्यानं काय होते, ते मला रात्रभर कळत होतं.

शिवाय पाहुणा हा एका घराचा नसतो. गाडीवाल्या शेजाऱ्यांचा एका जेवणावर हक्क होताच. समोरच्या घरातल्या मास्तरांनी दुसरं जेवण मागून घेतलं. तिसऱ्या घरी रोडगे होते. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे फोडून त्यांवर वरण आणि तूप ओततात, शेजारी वांग्याची भाजी असते. ते खाल्ल्यावर माणसाला उठून बसता येत नाही, म्हणून आधीच बसून घ्यायचं. त्या दिवशी मी खऱ्या अर्थानं आराम केला, कारण हलणं शक्यच नव्हतं.

“काही दाखवायचं नाही,” या माझ्या अटीचा मित्रानं सोयीस्कर अर्थ लावला होता. तो दाखवत नव्हता, ‘जाता जाता’ नेत होता. जाता जाता खामगावला, म्हणून बोथ्याच्या जंगलातून. हे ज्ञानगंगा अभयारण्य. इथं २०१९ च्या डिसेंबरात एक वाघ आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघून, महाराष्ट्र-तेलंगणातली रानं आणि शेतं तुडवत, सुमारे पाच महिन्यांत १३०० किलोमीटर चालून. गळ्यात रेडिओ कॉलर असल्यानं त्याचा सगळा प्रवास वन खात्याला कळत होता. वाघीण शोधत निघाला असावा, असं जाणकारांचं मत. इथं वाघीण नव्हती, तरी स्वारी मुक्कामाला राहिली. “वाघालेही जाऊ वाटलं नाही,” काका म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं.

मला वाटतं, हा जिल्हाच न सांगता आलेल्या पाहुण्यांनी घडवलेला आहे. शेगावात २३ फेब्रुवारी १८७८ ला एक अनोळखी तरुण उष्ट्या पत्रावळींतली शितं वेचून खाताना लोकांना दिसला. कुठून आला, कुणाचा कोण, कुणालाच माहीत नव्हतं. ते गजानन महाराज. पुढे बत्तीस वर्षं ते याच भागात वावरले आणि १९१० मध्ये शेगावात समाधिस्थ झाले. आज त्यांच्या दारात रोज हजारो लोक जेवून जातात. तिथला प्रत्येक सेवेकरी हात जोडून ‘माऊली’ म्हणून रांगेत उभं करतो. आयुष्यात इतक्या आदरानं मला कुणी रांगेत उभं केलेलं नाही. अलिबागच्या जेट्टीवर आम्हाला ‘ओ, मागे सरा’ असं म्हणतात.

शेगावची कचोरीही पाहुणीच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मांनी ती स्टेशनवर विकायला सुरुवात केली, आणि आज गाडी शेगावला थांबली की डबे रिकामे होतात. मुगाच्या डाळीचं तिखट सारण आणि सोबत तळलेली मिरची. ही कचोरी गार झाली तरी तिचं काही बिघडत नाही, खाणाराचंच बिघडतं. काकांनी परतीच्या प्रवासासाठी म्हणून दोन पुडे घेतले आणि बुलढाण्याला पोचेपर्यंत स्वतःच संपवले. “प्रवास तर हाही आहे ना,” ते म्हणाले.

सगळ्यांत मोठा पाहुणा मात्र लोणारला उतरला. आगाऊ सूचना न देता, थेट आकाशातून. त्यानं अंगणात पावणेदोन किलोमीटरहून रुंद खड्डा पाडला आणि स्वतः नाहीसा झाला. काळ्या बेसॉल्ट खडकात उल्कापातानं झालेलं असं विवर जगात फार दुर्मीळ, म्हणून चंद्रावरच्या विवरांचा अभ्यास करणारे लोक इथं येऊन दगड निरखतात. पाहुणा कधी आला यावर एकमत नाही. काही संशोधक पन्नास हजार वर्षं म्हणतात, तर काहींचं मोजमाप साडेपाच लाखांच्या पुढे जातं. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या विवराची नोंद केली. गावकरी त्याआधी कित्येक शतकं त्याच्या भोवती देवळं बांधत होते, पण त्यांना नोंद करावीशी वाटली नाही.

काठावर उभं राहिलं की खाली हिरवंगार रान आणि मधोमध पाणी दिसतं. दगडात कोरलेल्या परातीच्या तळाशी कुणी कालवण ठेवावं तसं. आमची ही बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे शेवटी पाण्याकाठीच आणलंत.” आणि तेही खारट. अलिबागहून समुद्र टाळून निघालेली माणसं थेट खाऱ्या पाण्याच्या काठी येऊन उभी राहिली होती.

फरक आहे, नाही असं नाही. हे पाणी खारट तर आहेच, वर अल्कधर्मीही. जुन्या काळी यातून खार काढत. त्यात पोहत नाहीत, लाटा नाहीत, पाण्यावर चालणारी मोटारबोट नाही, घोडागाडी नाही आणि उंटही नाही. काठाच्या चिखलाला असा वास की आमच्या मासळीबाजारालाही आदर वाटावा. २०२० च्या जूनमध्ये हे पाणी चक्क गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला.

खाली उतरून कमळजादेवीचं दर्शन घेतलं. जवळच सासू-सुनेची विहीर आहे. एका बाजूचं पाणी गोड, दुसऱ्या बाजूचं खारट. वहिनी आणि काकू दोघी आमच्याबरोबर होत्या. गोड बाजू कुणाची, हे विचारायची हिंमत मित्राला लग्नानंतर इतक्या वर्षांत झालेली नाही, आणि मी तर पाहुणा. आम्ही दोघांनी विहिरीकडं पाहून ‘वा’ एवढंच म्हटलं.

परत वर चढताना भाकऱ्या आठवल्या, एकेक. वर आल्यावर दैत्यसूदनाचं देऊळ पाहिलं. लवणासुराला मारणाऱ्या विष्णूचं हे मंदिर, बाहेरच्या भिंतीवर इतकं कोरीवकाम की मान दुखते. मग मोठ्या मारुतीकडं गेलो. इथला मारुती आडवा आहे, चक्क निजलेला. याच जिल्ह्यात नांदुऱ्याला हायवेलगत १०५ फुटांचा मारुती उभा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांवर अहोरात्र नजर ठेवून. एकाच देवाची एक मूर्ती ड्युटीवर आणि दुसरी रजेवर. जिल्ह्यात खरा आराम कुणाला मिळत असेल तर तो लोणारच्या मारुतीला. त्याला कुणी ‘एवढ्यानं काय होते’ म्हणत नाही.

सिंदखेडराजाला गेलो तेव्हा १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीसाठी मांडव पडत होते. लखुजी जाधवांच्या राजवाड्यात जिजाऊंच्या जन्मस्थानाचा भाग पाहिला. लखुजींची भव्य समाधीही पाहिली. इथं काकांनी विनोद केला नाही. पायऱ्यांवर हात टेकवून कपाळाला लावला आणि एवढंच म्हणाले, “सगळे आमच्याइथं आले. ही एकच लेक इथून गेली, अन् राज्य उभं करून बसली.”

शेवटी शेतावर हुरडा. खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, त्यात ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, तळहातावर चोळून हिरवे दाणे पाखडायचे आणि लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचे. मधूनच दही, मधूनच गूळ, मधूनच बोरं. पसरलेल्या सतरंजीवर गाडीवाले शेजारी, मास्तर, रोडग्यांचे घरवाले, सगळे हजर. गप्पा भेंडवळच्या घटमांडणीवर आल्या. दर अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोद तालुक्यातल्या त्या गावी शेतात घट मांडून धान्यं ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांवरून पाऊस, पिकं, राजाची गादी अशी सगळी भाकितं सांगतात. पाहुणा घरी कधी जाईल, हे मात्र तिथंही सांगत नाहीत.

रविवार आला आणि गेला. तिकीट रद्द होते, हे काकांचं म्हणणं खरं निघालं. ते मीच रद्द केलं. कुणी आग्रह केला नव्हता. मास्तरांकडची पुरणपोळी तेवढी राहिली होती.

तेव्हा, समुद्राला कंटाळलेल्या किनाऱ्यावरच्या मंडळींनी जरूर बुलढाण्याला जावं. पावसाळ्यानंतर जा, म्हणजे लोणार हिरवं दिसेल. जानेवारीत गेलात तर हुरडा मिळेल, पण स्वेटर न्या. समृद्धी महामार्ग आता मेहकर, सिंदखेडराजाच्या अंगणातून जातो, त्यामुळे मोटारीनं जाणं सोपं झालंय. यायचं मात्र तितकं सोपं नाही. परतीचं तिकीट काढाच, फक्त ते यजमानांना दाखवू नका. आणि तिथं कुणी ओळखीचं नसेल तरी काळजी करू नका. मलकापूरला उतरून एखाद्याला रस्ता विचारा, एका जेवणाची सोय तिथंच होईल.