ठमीचं पोक्तपण

आमच्या ठमीचं चौदावं वर्ष सरलं. माणसांच्या हिशेबानं सत्तरी उलटली म्हणायची. गेल्या दोनेक वर्षांत ती फ्रिजवर चढेनाशी झाली, पडद्यांना लोंबकळेनाशी झाली, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही कौतुकानं सांगायचो, "आता पोक्त झाली हो!"

मग पावसाळ्यात या पोक्त बाईंचं काहीतरी बिनसलं. बसल्या बसल्या पाठीची कातडी लहरायची. पातेल्याला धक्का लागल्यावर दुधावरची साय थरथरते ना, तश्शी. पाठोपाठ डोळे कवडीएवढे, शेपटीकडे असं वळून बघणं की जणू ती शेजाऱ्यांची आहे, आणि एकदम स्वयंपाकघरापर्यंत धूम! उरलेला वेळ चाटण्यात. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, कंगवाच तो. त्यानं महिनाभरात पोटाचे केस साफ. मुंजीतल्या बटूच्या डोक्यासारखं गुळगुळीत पोट.

घरात निदानं भराभर झाली. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. धुरानं ठमीसकट सगळे ठसकलो. ह्यांचं मत, "कंटाळली असेल." शेजारच्या वहिनींनी त्यांच्या कुत्र्याचं, मानेवर टाकायचं पिसवांचं औषध देऊ केलं. नशीब, आधी डॉक्टरांना फोन केला. कुत्र्यांच्या अशा काही औषधांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष. झटके येऊन जीव जातो. (आपली पॅरासिटामॉलची गोळीही मांजराच्या जिवावर बेतते, हे जाता जाता.)

डॉक्टरांनी बारीक कंगव्यानं तिला विंचरून निघालेला कचरा ओल्या कापसावर टाकला. काळे कण लालसर झाले असते तर ती पिसवांची घाण, म्हणजे ठमीचंच पचलेलं रक्त. झाले नाहीत. मग रक्त तपासलं, कारण म्हाताऱ्या मांजरांचं थायरॉइड उधळलं की त्यांना एका जागी बसवत नाही. तेही ठीक. रक्तदाब तर शेपटीला इवलासा पट्टा बांधून मोजला! माझा कुणी इतक्या मायेनं मोजल्याचं आठवत नाही.

मोबाइलवरचा व्हिडिओ बघून ते म्हणाले, "अशा पाठ लहरण्याला हायपरएस्थेशिया असं भारदस्त नाव आहे. पण ते सगळ्यात शेवटी द्यायचं, आधी दुखणं शोधायचं. ही उड्या मारते का?"

"छे! आता पोक्त..." म्हणता म्हणता मी गप्प झाले.

एक्सरेत कमरेच्या मणक्यांवर हाड वाढलेलं. बारा वर्षांवरच्या बहुतेक मांजरांच्या एक्सरेत सांध्यांची झीज दिसतेच. बरं, मांजर कण्हत नाही, बऱ्याचदा लंगडतही नाही. नुसतं उंच जाणं सोडतं, आणि जीभ पोचेल तिथे चाटत बसतं. दोन वर्षं आम्ही कंबरदुखीचं कौतुक करत होतो.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मीही माळ्यावर चढत नाही हल्ली. मलाही पोक्तच म्हणता ना?"

औषध सुरू झालं. खिडकीखाली जुन्या दिवाळी अंकांच्या तीन पायऱ्या रचल्या, वर गोधडी. रोज सकाळी ठमी एकेक दिवाळी चढत खिडकीत जाते. पोटावर लव आली आहे. रद्दीवाल्याला एवढ्यात कुणी हाक मारू नका.