खडूच्या रेघेचे शास्त्र

१९६९ सालच्या शेवरोले कॅमारोची पारख करणाऱ्या अमेरिकेतल्या स्वयंघोषित तज्ज्ञांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. इंजिनावरचा क्रमांक गाडीशी जुळतो का, हे कुणीही पाहील. तज्ज्ञ पाहतो ते नटावरचा रंगाचा ठिपका, पत्र्यावरची खडूची रेघ आणि घाईत उडालेले शिंतोडे. ओहायोतल्या नॉरवूडच्या कारखान्यातले शिंतोडे वेगळे, कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइजच्या कारखान्यातले वेगळे! रंग आरशासारखा गुळगुळीत लावलात, तर स्पर्धेत गुण कापले जातात. कारखान्यातली हयगय भरपूर डॉलर मोजून जशीच्या तशी पुन्हा करून घ्यावी लागते.

एवढ्यावर थांबणे मात्र योग्य नाही. टायरमध्ये हवासुद्धा १९६९चीच असावी. रेघ मारणाऱ्याच्या अंगात सोमवार सकाळचा आळस होता की शुक्रवार संध्याकाळची घाई, याचेही प्रमाणपत्र जोडावे. त्या काळी कारखान्यात राबलेला एखादा म्हातारा कामगार ‘हाताला येईल तशी मारायचो’ म्हणालाच, तर त्याला आदराने बाजूला बसवावे; त्याचा या विषयाचा अभ्यास नसतो.

नॉरवूडचा कारखाना १९८७ मध्ये बंद झाला. तेव्हापासून तज्ज्ञांच्या कामात बरीच अचूकता आली आहे.