स्पेअरवाले काका

अमेरिकेतल्या प्रत्येक बोलिंग लीगमध्ये एक स्पेअरवाले काका असतात. विस्कॉन्सिनमध्ये हिवाळा लांबतो आणि घराबाहेर काही खेळायची सोय उरत नाही, त्यामुळे तिथे एकेका लीगमध्ये दोन-दोन निघतात. ते मराठीच असतात असं नाही. पोलिश आणि जर्मन काकाही मी पाहिलेत. पण टिकाऊ वस्तूचा ध्यास आणि बोलिंगचा बॉल यांची गाठ मराठी घरात पडली, की प्रकरण वेगळ्याच थराला जातं. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून मिलवॉकीला आलेला, आता निवृत्त झालेला, येताना आणलेला प्रेशर कुकर अजून वापरणारा आणि फक्त रिंग बदलली हे प्रत्येक पाहुण्याला सांगणारा गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. झालं, काका भेटले.

ओळखायची खूण सोपी आहे. बाकीचे खेळाडू आल्या आल्या आपला स्ट्राइकचा बॉल मांडतात: नवा, झगमगता, अंगावर आगीचे लोळ रंगवलेला. काका मात्र आधी दुसरा, स्पेअरचा बॉल बाहेर काढतात. एकरंगी, निळा, गुळगुळीत. त्याला फडक्यानं पुसतात, दिव्याखाली फिरवतात आणि शेजारच्याला विचारतात, "हा कधीचा असेल, सांग बघू?" तुम्ही पाच वर्षं म्हणा, दहा म्हणा, काका नुसते हसतात. खरा आकडा ते सांगत नाहीत. तो ऐकायला पुढच्या गुरुवारी यावं लागतं.

नवशिक्याला ते प्रेमानं बाजूला घेतात. "अरे, पहिल्या बॉलला दहाच्या दहा पिना पाडणं, म्हणजे स्ट्राइक, हा योग. उरलेली दुसऱ्या बॉलनं पाडणं, म्हणजे स्पेअर, हा संसार." मग गणित येतं. "एकही स्ट्राइक मारू नकोस. दर फ्रेमला नऊ पाड, दुसऱ्या बॉलनं राहिलेली एक पाड. शेवटी जादा मिळतो त्या बॉललाही नऊ. किती झाले? १९०! अंगावर आग रंगवलेल्या मंडळींना विचार, त्यांनी १९० कधी पाहिलेत?" काकांनी स्वतः कधी पाहिलेत, हे विचारणं शिष्टाचारात बसत नाही.

तर स्पेअरसाठी वेगळा बॉल का? इथे काका शास्त्रात शिरतात. लेन फाउल लाइनपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांना तेल लावलेलं, पुढे कोरडं. हल्लीचा रिअॅक्टिव्ह रेझिनचा बॉल तेलावरून घसरत जातो आणि कोरडं लागलं की लेन धरून वळतो. दहा पिनांच्या गर्दीत हे वळण कामाचं. पण उजव्या हातानं खेळणाऱ्याच्या वाट्याला वारंवार येते ती दहा नंबरची पिन, अगदी उजव्या मागच्या कोपऱ्यात, गटरच्या काठावर एकटी उभी. वळणारा बॉल नेमका तिच्यासमोरून डावीकडे पाठ फिरवतो. तिथे पाहिजे प्लास्टिक, म्हणजे पॉलिएस्टर. डावीकडे उभं राहायचं आणि तिरका सोडायचा. तेल असो, कोरडं असो, तो आपला सरळ जातो.

"शिवाय," काका आवाज खाली आणतात, "रेझिन पितो." म्हणजे तेल पितो. त्याच्या अंगाला सूक्ष्म छिद्रं असतात, दर फेकीला थोडं थोडं आत मुरतं आणि खेळत राहिलं की त्याची पकड मंदावत जाते. मग मालक त्याला गरम पाण्यात बसवून तेल बाहेर काढतात. काका या विधीला व्यसनमुक्ती केंद्र म्हणतात. "आमच्या प्लास्टिकनं आयुष्यात थेंबाला स्पर्श केला नाही."

बॉलची वंशावळही त्यांना तोंडपाठ. मूळ पुरुष लिग्नम व्हिटे नावाच्या लाकडाचे. १९०५ मध्ये रबर आलं, १९६० च्या सुमारास पॉलिएस्टर, ऐंशीच्या दशकात युरेथेन, नव्वदच्या सुरुवातीला रेझिन. काकांच्या मते कुळाची भरभराट १९६० ला संपली. पुढे आली ती नुसती चैन. या कथेत एक खलपुरुषही आहे. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून या व्यावसायिक खेळाडूनं प्लास्टिकचाच बॉल रसायनात भिजवून मऊ केला, म्हणजे तो लेन धरून वळेल. त्या एका वर्षात सहा स्पर्धा जिंकल्या आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढे बॉल किती कडक असावा याचे नियम झाले. काकांना त्या सहा विजेतेपदांचं काही नाही. "ज्यानं जन्मभर टिकायचं, त्याला लोणच्यासारखं मुरवलं!" एवढं बोलून ते काही वेळ कोणाशी बोलत नाहीत.

असा माणूस बॉल घ्यायला जातो, तेव्हा प्रो शॉपवाल्याचा दिवस जातो. व्हाइट डॉट की मॅक्सिम? दोन्ही प्लास्टिक, दोन्ही सरळ जाणारे. पारदर्शक आणि पोटात कवटी असलेला एक बॉल दुकानदार कौतुकानं पुढे करतो. काका तो दूर सारतात, कारण आत काय आहे ते दिसलं तर टिकाऊपणाची परीक्षा घ्यायला जागाच उरत नाही. मग टिचकी मारून आवाज ऐकणं. मग प्रश्न. थंडीत गाडीच्या डिकीत राहिला तर तडकेल का? बोटांच्या दोन भोकांमधली भिंत किती जाड ठेवणार? बॉल परत आणणाऱ्या यंत्रानं ओरखडे पाडले तर? शेवटी दुकानदार थकून खरं बोलतो: "साहेब, प्लास्टिकचे सगळे सारखेच. कुठलाही घ्या, तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकेल." कोणीही इथे पैसे देऊन मोकळा झाला असता. काका विचार करायला घरी जातात. सगळेच टिकाऊ म्हटल्यावर सर्वांत टिकाऊ कोणता, हा प्रश्न उलट जास्त अवघड झालेला असतो.

घेतलेल्या बॉलला मग जपणं आलं. डिकीचं नावच नको. तो मागच्या सीटवर पट्टा बांधून बसतो. घरी त्याची जागा कोटांच्या कपाटात, थंडी-उन्हाची झळ लागणार नाही अशी. काकूंनी एकदा विचारलं होतं म्हणे, "माझ्या गुडघ्यांना थंडीत काय होतं, ते कधी विचारलंत का हो?" काका म्हणाले, "तुझं शरीर नैसर्गिक आहे, ते सावरतं."

आता राहिला खेळ. दहा नंबरची पिन एकटी उरते. काका निळा बॉल उचलतात, डावीकडे सरकतात, श्वास घेतात आणि सोडतात. बॉल दिलेल्या शब्दासारखा सरळ जातो. फक्त काकांनी शब्द किंचित उजवीकडे दिलेला असतो, त्यामुळे तो गटरमध्ये उतरतो. पिन जागची हलत नाही. काका यंत्रापाशी उभे राहून वाट पाहतात, बॉल परत आल्यावर चारी अंगांनी फिरवून बघतात आणि समाधानानं म्हणतात, "बघ, एक चरा नाही!" संघ हरलेला असतो, पण नुकसान झालेलं नसतं.

अशा वस्तूचा वारस कोण, ही चिंता प्रत्येक काकांना उतारवयात ग्रासते. एका काकांच्या मुलीनं परवा होणारा नवरा घरी आणला. काकांनी त्याचा उजवा हात हातात घेतला तो सोडेचनात. अंगठा ताणून पाहिला, मधलं बोट वाकवून पाहिलं. मुलाला भरून आलं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मुलगा गेल्यावर त्यांनी विचारलं, "मग, पसंत आहे ना हो मुलगा?"

"स्वभावाचं तू बघ," काका म्हणाले. "भोकं बुजवून नवी पाडावी लागतील, एवढं आत्ताच सांगून ठेवतो."