ब्रेकवाले नाना

देहूरोडला निवृत्त माणसांची वाण नाही. सीओडी आहे, ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, झालंच तर कॅन्टोन्मेंट. दर महिन्याला कुणाचा ना कुणाचा निरोप समारंभ असतोच. निरोपानंतर काहीजण पहाटे घोरावडेश्वर चढतात, काही हरिपाठात रमतात आणि उरलेले सेंट्रल चौकात उभं राहून देश चालवतात. नाना मात्र देश थांबवण्याच्या पक्षातले.

नवी गाडी आली की माणसं विचारतात, “पळते किती?” नाना विचारतात, “थांबते किती फुटांत?” शेजारी पेढा देतो, नाना तो तोंडात टाकतात आणि लगेच गुडघ्यावर बसून चाकात डोकावतात. लोणावळ्याच्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना नाना मांडवातून गायब झाले. सापडले पार्किंगमध्ये, मुंबईहून घाट चढून आणि पुण्याहून सरळ आलेल्या गाड्यांच्या चाकांचा वास घेत. “हा पुण्याचा,” ते एका गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, “सपाट रस्त्यावर लायनर जाळलेत. उगाच पेडलवर पाय ठेवून चालवतो.” तो नवरदेवाचा मामा निघाला. पुढचं सांगत नाही.

२०२१मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि नानांच्या मनानं घेतलं. पीएफच्या पैशातून शाळेची एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग, शेगडी, बेसिन, छोटा फ्रिज आणि दीडशे लिटरची पाण्याची टाकी बसवून घेतली, आरटीओचे कागद रीतसर केले. अख्खी गल्ली चाकावरचं घर बघायला लोटली. बायका कपाटं उघडून बघत होत्या, पोरं पलंगावर उड्या मारत होती. घरमालक गोणपाट अंथरून गाडीखाली.

“शाळेची मुलं दुपारी उतरायची,” खालून आवाज आला, “हे घर कधीच उतरणार नाही. पलंग, फ्रिज, पाणी, सगळं कायम अंगावर. ब्रेकला सुट्टी नाही.”

म्हणून मग वजनकाटा. भरलेली गाडी, भरलेली टाकी आणि पुढच्या सीटवर नानांच्या पत्नी माई, असं सगळं एकत्र काट्यावर चढवलं. कागदावरच्या मर्यादेच्या आत बसतंय हे बघूनही नानांचं समाधान होईना. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, म्हणजे दोन पाहुणे, आणि हे पाहुणे वळणावर एका बाजूला कलंडतात. घाट उतरण्याआधी टाकी रिकामी, असा कायदा झाला. मग त्यांची नजर लोणच्याच्या बरण्यांवर गेली. माई म्हणाल्या, “आधी तुमची हत्यारांची पेटी काढा. ती मला उचलत नाही, बरणी उचलते.” पेटी राहिली, बरण्याही राहिल्या.

नानांचं खरं प्रेम ब्रेक ऑइलवर. ते हवेतली ओल पितं, आणि मावळातल्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! नवं डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल प्यायलेलं १५५च्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते. तेल दबत नाही, वाफ दबते, आणि उतारावर पेडल खुशाल फळीला टेकतं. हे नाना चहा गार होईपर्यंत सांगतात. त्यांच्या कपाटाच्या दारावर आत तारीख लिहिली आहे. लग्नाच्या वाढदिवसाची असेल असं माईंना बरीच वर्षं वाटत होतं. ती ब्रेक ऑइल बदलल्याची. दर दोन वर्षांनी खोडून नवी लिहितात.

पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असली की नाना हँडब्रेक ओढत नाहीत, लायनर ड्रमला धरून बसतात. गाडी सपाटीला, गिअरमध्ये, आणि चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. शिवाय न वापरता ब्रेक गंजतात, म्हणून रविवारी कामशेतपर्यंत फेरी. तिथे चहासुद्धा घेत नाहीत. गेलो, थांबलो, आलो. यातला ‘थांबलो’ तेवढा महत्त्वाचा.

शेवटी माईंनी अलिबागचा हट्ट धरला आणि बोरघाट अटळ झाला. खंडाळ्याला नानांनी गाडी बाजूला घेतली. “रेल्वेसुद्धा इथं ब्रेक तपासल्याशिवाय उतरत नाही,” ते सोबत आलेल्या पुतण्याला म्हणाले. “१८६३पासूनचा घाट आहे. ३७ फुटांना एक फूट उतार. गाडी आवरली नाही तर वळवायला चढावरचा वेगळा फाटा बांधून ठेवलाय. आपल्याला कोण फाटा देणार?” टाकी रिकामी झाली, पेडल दाबून बघितलं, आणि आम्ही जुन्या रस्त्यानं दुसऱ्या गिअरमध्ये खाली निघालो. ज्या गिअरमध्ये चढशील त्यातच उतर, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम. इंजिन गाडीला मागे खेचतं, ब्रेक गार राहतात. नाना पाय पेडलवर ठेवून बसत नव्हते. जरा वेग वाढला की एकदा नीट दाबायचं, वेग उतरला की सोडून द्यायचं. मागे हॉर्नचा जथा जमला. जागा मिळाली की नाना बाजूला होऊन सगळ्यांना पुढे जाऊ देत. एकजण खिडकीतून ओरडला, “आजोबा, न्यूट्रल टाका, डिझेल वाचेल!”

नाना भडकले ते तेव्हा. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा आधार जातो. डिझेल वाचवायला वर इंजिनच बंद केलं तर बूस्टरही जातो. एक-दोनदा दाबेपर्यंत ठीक, मग पेडल दगड होतं. मला विचाराल तर त्या घाटात आठवणीत ठेवण्यासारखी ही एकच गोष्ट होती, आणि ती ऐकायला तो माणूस थांबलाच नाही.

शिंग्रोबापाशी नमस्कार झाला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, अशी कथा आहे. नानांनी नाणं ठेवलं आणि चाकाजवळ हात नेला, न टेकवता. गार! त्यांनी जो चेहरा केला, तसा त्यांच्या मुलाच्या निकालालाही केला नव्हता. खोपोलीत उतरताच त्यांनी टाकी भरून घेतली. अलिबागचा समुद्र त्यांनी पाहिला असावा. त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

परतताना खोपोलीला किल्ली पुतण्याकडे दिली. “चढावर माझं काय काम?” म्हणाले, मागच्या सीटवर बसून पट्टा आवळला आणि घोरू लागले. घाटात नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली. पुतण्या थांबला, पुन्हा निघताना ब्रेक सोडला आणि गाडी वीतभर मागे आली.

“हँडब्रेक!” मागून आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.