कौल की पत्रा

कोकणातल्या घराचे छप्पर बदलताना पाऊस, माकडे आणि मुंबईकर भाऊबंद या तिघांचे मत घ्यावे लागते. मंगलोरी कौल ख्रिस्ती धर्मप्रचारकांच्या बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरच्या कारखान्यात पाडायला घेतले. आता ते इतके अस्सल कोकणी झाले आहे की त्याजागी पत्रा घालणे हा संस्कृतीवर घाला ठरतो. निदान गावी न राहणाऱ्यांना तरी तसे वाटते.

कौलाखाली घर थंड राहते, चुलीचा धूर फटींतून निघून जातो. मात्र कौल जड. त्याला वासे आणि रिपा हव्यात, आणि नेमके तेच वाळवीला हवे असते. माकडांच्या एका फेरीत बरीच कौले फुटतात आणि पावसाआधी ती चाळायला गडी मिळत नाही, कारण तोही मुंबईकर भाऊबंदांत जमा झालेला असतो.

पत्रा लोखंडी सांगाड्यावर झटपट चढतो. वैशाखात घराची भट्टी होते, खाऱ्या हवेत बोल्टपासून गंज सुरू होतो. आषाढात पत्र्यावरच्या आवाजाने घरातले भांडण शेजारी ऐकू जात नाही. हा फायदा विक्रेते का सांगत नाहीत, कोण जाणे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने भेदभाव केला नाही: कौले फुटली, पत्रे उडाले.

हल्ली तडजोड म्हणून कौलाच्या आकाराचा लाल पत्रा मिळतो. रस्त्यावरून घर कौलारू दिसते, आत एसी लागतो, आणि होमस्टेच्या जाहिरातीत त्याला ‘पारंपरिक’ म्हणतात.